लोहाने भरून न येणारे रक्त

वृद्धांच्या रक्तक्षयाविषयीचा एक संदेश सध्या घराघरांतून फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत : उतारवयात हिमोग्लोबिन घसरणे स्वाभाविक असते, लोहाच्या गोळ्या आणि पोषक आहार दिला की ते दोन महिन्यांत भरून येते, बाहेरचे रक्त एकदा चढवले की शरीराला त्याची सवय लागते, आणि डॉक्टरांनी उपशामक उपचारांचा विषय काढला की त्यांनी हात टेकले असे समजावे. ‘मुलांनी वेळीच लक्ष दिले असते तर ही वेळ आली नसती’ असा त्याचा शेवट आहे. माझ्या वडिलांना तीन वर्षांपासून मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस, हा अस्थिमज्जेचा आजार आहे आणि हा संदेश मला आतापर्यंत पाच नातेवाइकांनी, अर्थात काळजीपोटीच, पाठवला आहे.

वयाबरोबर रक्तक्षयाचे प्रमाण वाढते हे खरे असले, तरी एखादी गोष्ट वारंवार आढळते म्हणून ती निरोगी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हिमोग्लोबिनची पुरुषांसाठी १३ आणि स्त्रियांसाठी १२ ग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तात) ही जी किमान मर्यादा सांगितली आहे, ती सत्तरीनंतर खाली येत नाही. ही चूक आम्हीही केली. जिन्याच्या मधल्या वळणावर बाबा खिडकीबाहेर पाहण्याचे निमित्त करून थांबत आणि आम्ही ती धाप वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होत असू.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे, कारण ते निरुपद्रवी वाटते. लोहाची कमतरता तपासणीत दिसली असेल, तर लोह दिलेच पाहिजे. एमडीएसमध्ये मात्र लोह सहसा कमी नसते; मज्जेत पेशी तयार होतात, पण त्या सदोष असतात आणि त्यांतील बऱ्याचशा रक्तात उतरण्यापूर्वीच मरतात. शिवाय बाहेरून चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, तर शरीरातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर पडते आणि जास्तीचे लोह टाकून देण्याची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साचत जाते. म्हणूनच फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे रक्ततपासणीतले प्रमाण, हजाराच्या पुढे गेले की लोह उतरवणाऱ्या औषधांचा विचार करावा लागतो. आमच्या आत्याने प्रेमाने आणून दिलेले लोहाचे टॉनिक बाबा तिचे मन मोडू नये म्हणून गुपचूप घेत होते. अर्धी बाटली संपल्यावर ती मला उशीमागे सापडली, आणि त्याच आठवड्याच्या अहवालात फेरिटिन हजार ओलांडून गेलेले होते.

रक्ताची सवय लागत नाही. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते, त्या पेशी आपले आयुष्य संपवून नाहीशा होतात आणि त्यांची जागा भरून काढणे बाबांच्या मज्जेला जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रक्त चढवण्याच्या तारखेभोवती बाबा स्वतः पेनाने गोल काढतात. ते गोल पूर्वी सहा आठवड्यांनी पडत, आता बारा दिवसांनी पडतात. आजार पुढे सरकतो आहे, हे सांगायला मला दुसऱ्या कोणत्याही आलेखाची गरज वाटत नाही. रक्त चढवण्यात जोखीम आहेच : वारंवार दिल्याने प्रतिपिंडे तयार होऊन जुळणारे रक्त मिळणे अवघड होते, आणि म्हाताऱ्या हृदयाला द्रवाचा भार पेलावा म्हणून पिशवी सावकाश, तरीही चार तासांच्या आत संपवावी लागते. ज्या गोष्टींची खरोखर भीती बाळगावी त्यांबद्दल संदेश गप्प आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना ३८ अंशांचा ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नसते. प्लेटलेट कमी असताना अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने द्यायचे नसते.

उपशामक उपचार म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. धाप, थकवा, झोप आणि मनाची घालमेल यांकडे पाहणारी ही शाखा रक्त आणि औषधे चालू असतानाच हाताशी घेता येते. बाबांचे ॲझासायटिडिन हे एमडीएसवरचे औषध प्रत्येक २८ दिवसांतून सात दिवस चाले आणि त्याचा गुण दिसायला चार-सहा आवर्तने लागू शकतात, हे आम्हाला आधीच सांगितले होते. सहाव्यानंतर बाबांनी विचारले, ‘‘हे पुढे घेतलेच पाहिजे का?’’ हा प्रश्न माझ्यासमोर विचारायला ते दोन महिने कचरत होते, हे मला उपशामक विभागातल्या डॉक्टरांकडून कळले.

राहिला प्रश्न मुलांच्या दुर्लक्षाचा. बहुतेक रुग्णांत एमडीएसचे नेमके कारण सापडत नाही. पूर्वी घेतलेली केमोथेरपी किंवा किरणोपचार, बेंझिनचा संपर्क आणि धूम्रपान ही ज्ञात कारणे आहेत, आणि त्यांत मुलांच्या वागण्याचा समावेश नाही. ज्यांना लक्ष द्यावेसे वाटते त्यांच्यासाठी : कॅलेंडरवरचा पुढचा गोल गुरुवारी आहे, आणि सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत बाबांच्या खाटेशेजारची खुर्ची रिकामी असते.