‘नुसतं गुऱ्हाळ’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. ‘उशीर मोजा, मग हात घाला’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. कृती आणि तिचा परिणाम यांत उशीर असतो आणि तो शरीरात, यंत्रात, पुरात सारखाच नडतो, असं त्या लेखात मी म्हटलं होतं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळं नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मज्जातंतूच्या वेगाचा आकडा चुकला आहे, यंत्रातला उशीर ठरलेला असतो आणि शरीरातला बदलता, म्हणून दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत, पुराचा परिच्छेद विषयाला सोडून आहे, आणि शेवटी, ‘बाकी लेख म्हणजे नुसतं गुऱ्हाळ. अभ्यास कुठंय?’

आकड्याचं आधी. तिथं तुमचं बरोबर आहे. संदेश सेकंदाला 120 मीटरनं धावतो असं मी सरसकट लिहिलं. तो वेग जाड, आवरण असलेल्या तंतूंचा. ठणका वाहून नेणारे बारीक, उघडे तंतू सेकंदाला मीटरभराच्या आसपासच जातात. म्हणून तर उंबऱ्याला ठेच लागली की आधी चमक येते आणि कळ मागनं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. लांबलेल्या निरर्थक बोलण्याला ‘गुऱ्हाळ’ म्हणायची पद्धत कुणी पाडली ठाऊक नाही, पण तो माणूस पहाटे तीनला उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीपुढं, त्या मोठ्या कढईपुढं, उभा राहिलेला नसणार. माझे वडील गुळव्या, म्हणजे रस शिजवून गूळ करणारे कारागीर होते. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर त्यांनी तीसेक हंगाम काढले. तुम्ही ज्या शब्दानं माझा लेख झटकलात, त्या शब्दावर आमचं घर चाललं. तेव्हा या एका वाक्याला मी जरा जास्त जागा देणार आहे.

रस आटत आला, बुडबुडे जड होऊन फुटायला लागले, की वडील पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडायचे आणि दोन बोटांत त्याची गोळी वळून बघायचे. गोळी अजून मऊच असायची, बोटाला चिकटायची. आणि नेमकं तेव्हाच ते चुलवाणाकडं बघून ओरडायचे, ‘जाळ वढ!’ मी दहा वर्षांचा असेन. पाक झालेला नाही आणि जाळ काढायला सांगतात, हे मला कळेना. विचारलं तर म्हणाले, ‘चुलवाणाच्या इटा तापल्यात. आता चिपाड न्हाई घातलं तरी त्या आपलं काम करत्यात.’ गोळी घट्ट व्हायची वाट बघितली तर गूळ करपतो. काहील उतरवून वाफ्यात ओतेपर्यंतचा वेळही त्यांच्या हिशोबात असायचा. घड्याळ नव्हतं, थर्मामीटर नव्हता.

नियंत्रणशास्त्रात याच हिशोबाला नाव आहे. ऑटो स्मिथ या अभियंत्यांनी 1957 साली मांडलेली रीत ‘स्मिथ प्रेडिक्टर’ म्हणून इंजिनिअरिंगला शिकवतात : तुमच्या कृतीचा परिणाम उशिरा दिसणार असेल, तर मीटर आत्ता काय दाखवतंय त्यावर विसंबू नका, केलेल्या कृतीचा परिणाम पुढं काय होणार ते धरून चला. माझ्या वडिलांनी स्मिथ वाचला होता असं मी म्हणत नाही. पण तुम्ही गुऱ्हाळ आणि अभ्यास हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे केलेत, ते अज्ञानातनं आलंय आणि ते मी ऐकून घेणार नाही.

हे शहाणपण घरात असून मी ते नोकरीत गमावलं, तेही सांगतो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर नवीन लागलो होतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, जाड नळीत बसवलेलं. भट्टी तापायची, पण नळी तापून आकडा चढायला वेळ लागायचा. आकडा हलेना म्हणून मी हीट वाढवली. मग तो चढला तो थांबेना. घाईनं बंद केली, तर पार खाली गेला. रात्रभर काटा वर-खाली. आमच्यात याला हंटिंग म्हणतात. सकाळी सगळा लॉट भंगारात गेला आणि माझ्या हातात मेमो आला. साहेबांनी लिहिलं, मीटर नादुरुस्त. मीटरला काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर खूप वर्षांनी वडिलांचं हृदय थकलं. दवाखान्यात रात्री त्यांच्या उशाशी बसलो होतो. श्वास वाढत जायचा, मग बारीक होत जायचा, मग थांबायचा. मी मोजायला लागायचो. पुन्हा हळूहळू सुरू. डॉक्टरांनी सांगितलं, याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी, एकानं 1818 साली आणि दुसऱ्यानं 1854 साली, त्याचं वर्णन केलंय. हृदय रक्त सावकाश ढकलतं, त्यामुळं फुप्फुसातल्या कार्बन डायऑक्साइडची खबर मेंदूला उशिरा पोचते. मेंदू जुन्या खबरीवर श्वास वाढवतो, मग जुन्याच खबरीवर थांबवतो. ते ऐकताना मला माझ्या भट्टीचा काटा दिसत होता. शरीर आणि यंत्र एका तागडीत घालू नका, हे तुम्ही मला सांगताय.

‘ठरलेला आणि बदलता’ या मुद्द्यावर फार लिहीत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांचं 1977 सालचं समीकरण बघा. रक्तपेशी कमी पडल्यावर नव्या तयार होऊन रक्तात यायला दिवस लागतात. समीकरणात हा उशीर वाढवत नेला की आधी स्थिर असलेली संख्या झोके घ्यायला लागते, आणखी वाढवला की झोक्यांनाही ताळतंत्र राहत नाही. म्हणजे शरीरातला उशीरही हिशोबात धरता येतो. आणि यंत्रातला उशीर ठरलेला असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? कोल्हापूर ते पुणे हे अंतर काचेच्या तंतूतनं कापायला प्रकाशाला मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. तरी व्हिडिओ कॉल अडकतो, कारण राऊटरमध्ये रांग लागते आणि ती क्षणाक्षणाला बदलते.

पुराचा परिच्छेद राहणार. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी का ठेवलीय, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी शहरात लगेच का दिसत नाही, हे 2019 च्या पुरात माळ्यावर संसार चढवलेल्या माणसाला विषय सोडून वाटत नाही. तुम्ही कुठं राहता मला माहीत नाही.

120 चा आकडा दुरुस्त करून खाली तारीख घातली आहे. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. पुढच्या वेळी मात्र नाव घालून लिहा.