डिंक, राळ, गुग्गुळ, लाख : ‘सगळे एकच’ कसे?

थंडी पडली की एक संदेश फिरू लागतो. डिंक, राळ, गुग्गुळ आणि लाख हे सारे झाडाचेच अश्रू असून गुणाने एकच आहेत, गुग्गुळाने कोलेस्टेरॉल हमखास उतरते आणि खोडाला खाच पाडल्याने झाडाचे काहीच बिघडत नाही, असे त्यात म्हटलेले असते.

पहिले विधानच टिकत नाही. लाडवांतला धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक ही मुख्यतः शर्करांची लांब साखळी असून तो पाण्यात विरघळतो वा फुगतो. सालवृक्षाची राळ पाण्याला दाद देत नाही, पण गरम तेलात विरघळते. म्हणूनच ती भेगांच्या मलमात आणि होड्यांच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याच्या लुकणात वापरली गेली. ती पेटतेही झटकन : पौराणिक नाटकांत राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळेची पूड फेकून भडका उडवीत, आणि आपण टीकेची ‘राळ उडवतो’ तीही तिथूनच आलेली. अशी वस्तू डिंकाऐवजी लाडवांत घालण्याचा सल्ला कोणी देऊ नये. गुग्गुळ आणि सालईचा धूप यांत मात्र डिंक, राळ आणि सुगंधी तेल एकत्र असते, त्यामुळे गोंधळ होणे समजण्यासारखे आहे.

लाख तर झाडाचा स्रावच नव्हे. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणारे बारीक कीटक तो राळेसारखा पदार्थ स्वतःच्या अंगातून स्रवतात. पळसाला लालसर डिंकही येतो, पण तो वेगळा.

कोलेस्टेरॉलबाबत भारतातील काही जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते, हे मान्य. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १०३ जणांपैकी काहींना गुग्गुळाचा अर्क आणि काहींना औषधविरहित गोळ्या आठ आठवडे देण्यात आल्या, तेव्हा अर्क घेणाऱ्यांचे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. ‘हमखास’ हा शब्द इथे बसत नाही.

शेवटचे विधान सर्वांत घातक आहे. राजस्थान-कच्छच्या कोरड्या माळांवर वाढणाऱ्या गुग्गुळाच्या झुडपाला अधिक चीक मिळावा म्हणून खोल घाव घालतात, त्यांवर रसायनेही लावतात, आणि असे झुडूप पुष्कळदा वाळून मरते. त्याची वाढही अतिशय संथ असते. ही जात आज जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.