कार्टर, ४४४ दिवस आणि रेगन यांचा ‘धाक’

‘कार्टर दुबळे होते. रेगन यांनी शपथ घेताच इराणने घाबरून ५२ अमेरिकी ओलीस सोडले. महागाई कार्टर यांनी आणली, रेगन यांनी संपवली.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो. कार्टर १९७७ ते १९८१ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, रेगन त्यांच्यानंतरचे. नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणी आंदोलकांनी तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेऊन तिथल्या माणसांना ओलीस धरलं होतं. त्यात शपथविधीची वेळ खरी आहे. बाकी फारसं काही टिकत नाही.

आधी धाकाचं बघू. ओलिसांची सुटका २० जानेवारी १९८१ ला झाली, पण तिचा करार आदल्या दिवशीच अल्जीरियाच्या मध्यस्थीने झाला होता. अमेरिकेच्या बाजूने वाटाघाटी केल्या त्या कार्टर यांचे परराष्ट्र उपमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी. गोठवलेला पैसा परत करा, आमच्या कारभारात ढवळाढवळ करू नका, या इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांच्या अटी सप्टेंबर १९८० मध्येच जाहीर झाल्या होत्या. तेव्हा रेगन निवडूनही आले नव्हते. त्याच महिन्यात इराकने इराणवर हल्ला केला आणि तेहरानला पैशाची निकड भासू लागली. तो पैसा अडकवला कोणी? दूतावास ताब्यात गेल्यावर दहा दिवसांत, १४ नोव्हेंबर १९७९ ला, कार्टर यांनी. इराणला वाटाघाटींच्या टेबलावर आणण्यात त्या आदेशाचा वाटा मोठा होता. करारानंतर सुमारे ८ अब्ज डॉलर मोकळे झाले. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकी बँकांची कर्जं फेडण्यात गेला आणि इराणच्या हाती ३ अब्जांहूनही कमी पडले.

मग ओलिसांची विमानं शपथविधी उरकेपर्यंत का थांबवली? मला तरी त्यात कार्टर यांच्यावरचा राग दिसतो, रेगन यांची भीती नाही. भीती असती तर पुढच्या काही वर्षांत लेबनॉनमध्ये इराणच्या पाठिंब्यावरच्या गटांनी अमेरिकी माणसं पळवली नसती. त्यांना सोडवण्यासाठी रेगन सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली आणि मार्च १९८७ मध्ये रेगन यांना ते देशासमोर कबूल करावं लागलं. फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेखही नसतो.

महागाई कार्टर यांच्या आधीपासून होती. १९७३ च्या तेलबंदीनंतर, १९७४ मध्येच ती १२ टक्क्यांवर गेली होती. इराणी क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकलं आणि १९८० च्या वसंतात तिने १४ टक्के ओलांडले. कार्टर यांची धोरणं धरसोडीची होती, हे मान्य. पण ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल वोल्कर यांना फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्षपदी त्यांनीच नेमलं. वोल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांपर्यंत नेले, तेही कार्टर यांच्या निवडणुकीच्या वर्षात. निवडणूक तोंडावर असताना असा माणूस राहू देणं मला दुबळेपणाचं वाटत नाही. रेगन यांचं श्रेय एवढंच, पण ते खरं आहे: १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली तरी त्यांनी वोल्कर यांना हटवलं नाही, उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. तोवर महागाई ३ टक्क्यांच्या आसपास उतरली होती.

राहिला ‘दुबळे’ हा शब्द. कार्टर यांच्या चुका गंभीर होत्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये इराणचे पदच्युत राजे शहा आजारी असताना त्यांना उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं, तेही दूतावासाला धोका होईल असे इशारे मिळालेले असताना. एप्रिल १९८० ची सुटका मोहीम वाळवंटातच फसली, आठ जवान गेले, परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी राजीनामा दिला. त्या अपयशाचा दोष कार्टर यांनी स्वतःवर घेतला. पण त्याच माणसाने १९७८ मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना तेरा दिवस थांबवून धरलं. त्यातून पुढच्या मार्चमध्ये झालेला इजिप्त-इस्रायल तह आजही टिकून आहे.

सुटकेच्या दुसऱ्या दिवशी, राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर, कार्टर रेगन यांच्याच विनंतीवरून जर्मनीत वीसबाडेनला ओलिसांना भेटायला गेले. ४४४ दिवसांनंतर ते ५२ ही जण जिवंत परतले होते.