सांगखला बुरीचा बुडालेला विहार हजार वर्षांचा नाही

पाण्यातून वर आलेल्या विटांच्या भिंती, मागे डोंगर आणि खाली मजकूर: ‘थायलंडच्या सीमेवर हजार वर्षांपूर्वी जलमय झालेलं प्राचीन मंदिर. जवळच सम्राट अशोकाने उभारलेले तीन स्तूप आणि युद्धकैद्यांनी बांधलेला क्वाय नदीवरचा लाकडी पूल. वस्ती सगळी बर्मी निर्वासितांची.’ हा फोटो ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. जागा खरी आहे. कांचनाबुरी प्रांताच्या वायव्य टोकाचा हा सांगखला बुरी आम्फो, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा. मजकुरात मात्र चूक नाही असं एकही वाक्य नाही.

आधी ‘मंदिरा’बद्दल. तो वात वांग विवेकाराम नावाचा बौद्ध विहार आहे आणि तो १९५० च्या दशकात बांधला गेला. १९४९ मध्ये बर्मातून (आजचा म्यानमार) आलेले मोन समाजाचे भिक्खू लुआंग फो उत्तमा यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून तो उभा केला. तीन नद्यांच्या संगमावर जुनं गाव होतं. खाली थोंग फा फूम तालुक्यात खाओ लाएम धरण झालं (आता त्याला वाचिरालोंगकोर्न म्हणतात), १९८४ मध्ये पाणी भरलं आणि विहारासकट अख्खं गाव बुडालं. त्या गावात लहानाचे मोठे झालेले लोक आज हयात आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की छप्पर नसलेल्या त्या भिंतींच्या आत चालत जाता येतं. खिडक्यांच्या कमानी शाबूत आहेत आणि पोरं फुलं विकायला उभी असतात. ‘हजार वर्षं’ लिहिलं की हे धरणग्रस्त एका फटक्यात पुसले जातात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. अनेक मोन कुटुंबांकडे नागरिकत्वाचे कागदच नव्हते, त्यामुळे पुनर्वसनात त्यांचा हक्क लंगडा पडला. शेवटी उत्तमांनीच नव्या विहाराभोवतीची जागा त्यांना वाटून दिली. या नव्या विहाराचा चैत्य बोधगयेच्या महाबोधीच्या धर्तीवर आहे. भारताशी नातं शोधायचंच असेल तर ते इथे सापडतं.

अशोकाचे तीन स्तूप? बर्माच्या सीमेवरच्या ‘थ्री पॅगोडाज’ खिंडीतले ते तीन पांढरे चैत्य छोटेसेच आहेत. तिथे आधी दगडांच्या तीन राशी होत्या. वाटसरू सीमा ओलांडताना दगड ठेवून पुढे जायचे, असं सांगतात. १९२९ मध्ये करेन या इथल्या डोंगरी जमातीचे प्रमुख फ्रा सी सुवन्नखिरी यांनी लोकांकडून त्यांचे चैत्य करून घेतले. खिंड मात्र इतिहासात खरंच मोठी आहे. १५४८ मध्ये तबिनश्वेहती आणि १७८५ मध्ये बोदोफया या बर्मी राजांच्या फौजा याच वाटेने सयामवर (थायलंडचं जुनं नाव) चालून आल्या.

पुलाची गफलत तर दुहेरी आहे. क्वायवरचा प्रसिद्ध पूल कांचनाबुरी शहरात आहे, इथून रस्त्याने दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, आणि तो लोखंडी आहे. इथला लाकडी पूल १९८६ च्या सुमाराचा. धरणाच्या पाण्याने एकीकडे तालुक्याचं ठाणं आणि दुसरीकडे मोन वस्ती अशी ताटातूट केली, तेव्हा उत्तमांच्या पुढाकाराने तो बांधला गेला. नाव ‘उत्तमानुसॉन’, म्हणजे उत्तमांचं स्मरण. २०१३ च्या जुलैत पुरात वाहून आलेल्या लाकूडफाट्याने तो मधोमध तुटला, तर मोन गावकऱ्यांनी सहा दिवसांत बांबूचा तरंगता पूल टाकला.

युद्धकैद्यांची कहाणी मात्र याच तालुक्यातून जाते. १९४३ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेची, म्हणजे ४१५ किलोमीटरच्या ‘मृत्यू रेल्वे’ची, दोन टोकं याच भागात, कोनकोइता इथे जुळली. सोंगकुराईसारख्या छावण्यांत राबवलेल्या ‘एफ फोर्स’ या तुकडीच्या ७,००० युद्धकैद्यांपैकी सुमारे ३,१०० दगावले. आशियाई मजूर याहून कितीतरी जास्त मेले. त्यांत मलायातले तमिळ खूप होते. त्यांची नावंसुद्धा कुणी नीट लिहून ठेवली नाहीत.

राहिली ‘बर्मी निर्वासितांची वस्ती’. तालुक्यात बान दोन यांग ही एक निर्वासित छावणी आहे, पण छावणी म्हणजे तालुका नव्हे. करेन इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात सयामच्या राजाने सीमा राखायला करेन प्रमुखांनाच पदवी देऊन नेमलं होतं. लाय वो ताम्बोनमधली (ताम्बोन म्हणजे काही गावांचा गट) त्यांची गावं आज थुंगयाय नरेसुआन अभयारण्यात आहेत. मोन हे बर्मी नव्हेत, त्यांची भाषा वेगळी आहे. कारभार थाई चौकटीतच चालतो: तीन ताम्बोन, प्रत्येकाचा प्रमुख म्हणजे कामनान, गावागावात निवडून आलेला गावप्रमुख म्हणजे फू याय बान आणि वर बँकॉकच्या गृहमंत्रालयाने नेमलेला तालुक्याचा अधिकारी, नाय आम्फो.

याच नाय आम्फोच्या कचेरीत खरा प्रश्न अडकलेला आहे. इथेच जन्मलेल्या, तरीही नागरिकत्व नसलेल्या कितीतरी मोन आणि करेन माणसांना हद्दीबाहेर जायला परवानगीचा कागद लागत आला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात थाई मंत्रिमंडळाने देशभरातल्या अशा सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांची कायम निवास आणि नागरिकत्वाची प्रकरणं लवकर निकाली काढायला मंजुरी दिली. त्या फोटोखाली काही लिहायचंच असेल तर हे लिहा.