बाई, उलटा का करायचा?
शिक्षक दिनाला मुलांनी वर्ग घेतल्याचा लेख वाचला आणि परळच्या आमच्या मराठी शाळेतला सातवीतला ५ सप्टेंबर आठवला. आईची साडी, डझनभर पिना आणि माझ्याच वर्गावर गणिताचा तास: अपूर्णांकांचा भागाकार. नियम तोंडपाठ. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, उलटा का करायचा?" (एरवी ही कार्टी मला नावानेच हाक मारायची!)

"नियमच आहे" म्हटलं, पण मलाच पटेना. शेवटी डब्यातली पोळी काढली. अर्ध्या पोळीत पाव पोळीचे तुकडे किती? "पाव म्हणजे वडापावातला का?" हशा. पण उत्तर आलं: दोन. एका पोळीत पाव पोळीचे ४ तुकडे, म्हणून अर्ध्या पोळीला ४ ने गुणायचं. हे मलाही त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं, तेही आधी पैकीच्या पैकी मार्क मिळवून!

लेखातली मुलं म्हणतात, वर्ग गप्प बसवणं सगळ्यात कठीण. असेलही. माझा घसा मात्र त्या 'का'नेच सुकला होता. आणि पोळी? ती मागच्या बाकाने खाल्ली.