‘मी आलो’ म्हणणारी नायिका

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मावसभावावरून वाद पेटला. त्याने नोकरी सोडली, बायको कमावते, तो मुलीचं बघतो. “बायकोच्या जिवावर बसून खातो” इथपासून “ही सगळी तिकडची थेरं” इथपर्यंत गाडी गेली. पॅरिसात मी एकटीच, म्हणजे ‘तिकडची’ मीच.

इथे १८८० च्या दशकात काय चालायचं? राशिल्द या तरुण लेखिकेची ‘मस्यू व्हेन्यूस’ ही कादंबरी १८८४ साली ब्रसेल्समध्ये निघाली आणि बेल्जियमच्या कोर्टाने तिला दोन वर्षांची कैद ठोठावली. ती पॅरिसात राहिली म्हणून वाचली. पॅरिसात तरी काय, बाईला पुरुषी कपडे घालायचे तर १८०० च्या हुकुमाप्रमाणे पोलिसांची परवानगी लागे. तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने स्पष्ट केलं ते २०१३ मध्ये! आणि आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बालगंधर्वांच्या साड्या-अंबाड्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. ‘इकडचं-तिकडचं’ अशी वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

कादंबरीत श्रीमंत राऊल कागदी फुलं करणाऱ्या गरीब झाकला घर घेऊन देते, त्याला आपली ‘रखेल’ बनवते. स्वतःबद्दल ती पुल्लिंगी बोलते. फ्रेंचमध्ये हे अधूनमधूनच ऐकू येतं. मराठीत आणायला बसले तर वाक्यावाक्याला ‘आले’चं ‘आलो’, ‘जाते’चं ‘जातो’ करावं लागलं आणि अंगावर काटा आला. पण ही राऊल मला मुक्त वाटत नाही. ती झाकच्या जखमा उकरते, आणि द्वंद्वात तो मेल्यावर त्याचेच केस, दात, नखं लावून मेणाचा पुतळा करवते. धनी बदलला, धनीपण तसंच. राशिल्दने व्हिजिटिंग कार्डावर ‘साहित्यिक पुरुष’ असं छापलं आणि १९२८ मध्ये ‘मी स्त्रीवादी का नाही’ हेही लिहिलं.

तिच्या आधी दोन वर्षं, १८८२ मध्ये, ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. बाईला लावता ते दोष पुरुषात नाहीत का, असा त्यांचा थेट सवाल होता. मला राऊलपेक्षा ताराबाई जवळच्या वाटतात.

मावसभावाच्या घरात कुणी कुणाचा धनी नाही. बायको दमून आली की तो चहा टाकतो, ती मुलीचा अभ्यास घेते. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: त्याला ‘बसून खातो’ म्हणणाऱ्यांनी एक दिवस ती मुलगी सांभाळून दाखवावी.