खुलासा : मराठी छापायला प्रिंटरमध्ये ‘मराठी फॉन्ट’ भरावा लागत नाही

“ऑफिसच्या प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट नाही, म्हणून पत्र इंग्रजी अक्षरांत छापून येतं, नवा प्रिंटर घ्या,” असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कृपया त्यावर पैसे घालवू नका.

प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत काही फॉन्ट असतात, पण ते मुख्यतः इंग्रजीसाठी. मराठी अक्षरांचे आकार कॉम्प्युटरच छपाईच्या मजकुराबरोबर प्रिंटरला पाठवतो.

मग गडबड कुठे होते? बहुतेकदा जुन्या फॉन्टमध्ये. उदाहरणार्थ, कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये लिहिलेला ‘भारत’ फाइलमध्ये एच, के, के, जे, आर या इंग्रजी अक्षरांनीच साठवलेला असतो. ज्या मशीनवर कृतिदेव नाही, तिथे पडद्यावरही तेच दिसतं, मग कागदावर वेगळं कसं येणार?

म्हणून आधी पडदा बघा. तिथेच गिचमिड असेल तर तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर टाका, किंवा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या (त्यासाठी ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट आताच्या विंडोजबरोबर येतो). पडद्यावर नीट आणि कागदावर चौकोन, असं झालं तर पीडीएफ काढून ॲक्रोबॅट या पीडीएफ उघडायच्या प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ (पान चित्र म्हणून छापा) निवडा. छपाई थोडी हळू होते, पण जोडाक्षरं, वेलांट्या सगळं जागच्या जागी येतं.